गाजराची रात्र

आमच्या भाषेत सब्जी म्हणजे फक्त गाजर.
बाकीच्या भाज्यांनी आपापली नावं शोधून घेतली.

मर्गिलानमध्ये लग्न उद्या पहाटे जेवतं,
पण सुरू होतं आज, दिवेलागणीनंतर,
गल्लीतले पुरुष आपापल्या सुऱ्या
फडक्यात गुंडाळून येतात तेव्हा.
अंगणात द्राक्षवेलीखाली लांब टेबल,
वर एक उघडा बल्ब, भोवती चिलटं,
आणि नव्वद किलो पिवळं गाजर,
सोललेलं, ओलं.

किसणी आणायची नाही.
एकदा कुणाच्या तरी जावयाने ताश्कंदहून
दातेरी यंत्र आणलं होतं, हाताने फिरवायचं.
कादिरकुल आचाऱ्याने त्यातला चोथा चिमटीत धरला,
बघितला,
आणि यजमानाच्या गाढवाला घातला.
गाढवानेही विचार करून खाल्ला.

आधी तिरके, पातळ काप.
मग काप एकावर एक, जरा सरकवून, पत्त्यांसारखे.
मग सुरी खाली, सुरी खाली,
टोक फळीवरून उचलायचं नाही,
आणि काडी अशी पडली पाहिजे
की चरबीत दोन तास शिजूनही
आपण कोण होतो ते तिला आठवावं.
हे वाक्य माझं नाही. सोतिबोल्दी बाबांचं आहे.

चाळीस वर्षं ते मागावर बसले,
रेशमाचा तुटला धागा अंधारात जोडायचे.
गाजर त्यांच्या सुरीखाली चिरलं जात नसे,
उसवायचं.
आम्ही पोरं त्यांचा काप बल्बसमोर धरायचो:
पलीकडचा माणूस पिवळा दिसायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात गेला.
म्हणजे आहे, खांद्याला लागून आहे,
पण बोलावल्यावर उशिरा येतो.

आज ते आले. नातवाच्या खांद्यावर भार,
नातवाच्या हातात सुरी.
नेहमीच्या जागी बसले, बल्बखाली.
कुणी म्हणालं नाही, बाबा, तुम्ही नुसता चहा घ्या.
म्हणालं असतं तर बरं, असं मला वाटलं
पहिला काप पडला तेव्हा.
अंगठ्याएवढा.
फळीवर वाजलाच.

सगळ्या सुऱ्या एक ठोका चुकल्या.
मग चुलाण्यापाशी उभा कादिरकुल ओरडला,
"काय रे, खरबुजं काय भावाने गेली यंदा?"
आणि सगळे खरबुजांवर तुटून पडले,
नको तितक्या मोठ्याने.

मी त्यांच्या डावीकडे होतो.
तो काप माझ्याकडे ओढला,
उभा चिरला, पुन्हा चिरला,
काड्या परातीत ढकलल्या. चोरासारखा.
दुसराही.
तिसऱ्यासाठी हात नेला तर
काप आधीच सरकून माझ्या फळीला टेकला होता.
ते समोर बघत होते, खरबुजांच्या भांडणाकडे.
डाव्या हाताचं एक बोट तेवढं
कापावर होतं.

मग ते पाडायचे, मी बारीक करायचो.
एका माणसाचं गाजर दोन माणसं चिरत होती.
चहा तीनदा आला. कुणाला तरी आठवली
ह्याच टेबलाची दुसरी रात्र,
माझे वडील हमराकुल गेले तेव्हाची:
गाजर असंच, इतकंच बारीक,
फक्त कुणी भाव विचारत नव्हतं.
"गाजराला काय," बाबा म्हणाले,
"त्याला दोन्हीकडचं आमंत्रण."
एवढंच बोलले रात्रभरात.

पहाटे नमाजनंतर थाळा आला,
चौघांत एक, वाफाळता.
आणि भातावर मधोमध, निर्लज्ज,
एक जाडजूड काडी.
निसटली होती माझ्या हातून. माझा घास घशात.
बाबांनी ती उचलली,
त्या उशिरा येणाऱ्या हातानेच;
आम्ही तिघं थांबलो तोवर.
डोळ्यांजवळ नेली.
"ही माझी नाही," म्हणाले.
"मी तिरकं पाडतो. ही सरळ आहे."
आणि माझ्या बाजूच्या भातावर ठेवून दिली.

खाल्ली मी. गोड होती.
आत अजून थोडी कच्ची.